९९ टक्के भरलेल्या आयसीयूबद्दल, घाटकोपरच्या ताईंना (कोविडची साथ, मुंबई, जून २०२०)

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. चाळीतली एकच खोली, संडास सार्वजनिक, सासूबाई ६८ वर्षांच्या, इन्सुलिनवर, जोडीला बीपी. यजमान पालिकेच्या पाणी खात्यात, त्यामुळे लॉकडाऊनमध्येही एक दिवस घरी बसले नाहीत. त्यात मुंबईतले आयसीयू ९९ टक्के भरल्याची बातमी वाचलीत आणि झोप उडाली. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: ओळखीने कुठे खाट सांगून ठेवता येईल का, घरात ऑक्सिजनचा सिलिंडर आणून ठेवावा का, आणि सासूबाईंना दापोलीला गावी पाठवावं का.

मी पालिकेच्या रुग्णालयात ३२ वर्षं नोकरी केली, शेवटची काही वर्षं मेडिसिन वॉर्डची सिस्टर इनचार्ज होते. आता निवृत्त आहे. पण माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आज कोविड वॉर्डात आहेत आणि ड्यूटी संपली की फोन करतात. जे लिहिते आहे ते त्यांच्याकडून ऐकलेलं आणि स्वतः केलेलं, असं दोन्ही मिळून आहे.

आधी त्या ९९ टक्क्यांबद्दल. वॉर्ड चालवणारा माणूस खाटांचा आकडा पाहत नाही, आज किती खाटा सुटणार ते पाहतो. समजा ३० खाटांचा वॉर्ड आहे. प्रत्येक पेशंट १५ दिवस राहिला तर रोज सरासरी दोनच खाटा सुटतात. तोच १० दिवसांत घरी गेला तर रोज तीन. एकही नवी खाट न मांडता रोज एका माणसाची जास्त सोय झाली. एप्रिलमध्ये मुंबईत नेमकं हेच अडलं होतं. ज्याला काही होत नव्हतं तोही पॉझिटिव्ह म्हणून खाटेवर होता, आणि २४ तासांच्या अंतराने दोन स्वॅब निगेटिव्ह आल्याशिवाय त्याला सोडता येत नव्हतं. स्वॅबचा रिपोर्ट यायलाच दिवस जायचे. धडधाकट माणसं वॉर्डात पत्ते खेळत बसायची आणि दारात धाप लागलेला माणूस व्हीलचेअरवर ताटकळायचा. ८ मे २०२० ला केंद्राने नियम बदलला: सौम्य लक्षणांचा पेशंट १० दिवसांनी, शेवटचे तीन दिवस ताप नसेल, तर पुन्हा स्वॅब न घेता घरी. लोक घाबरले, ‘अर्धवट बरे झालेले सोडतायत’ म्हणाले. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा जरा हायसं वाटलं.

आयसीयूचं गणित वेगळं आहे आणि तुमच्यापासून लपवत नाही, ते कठीण आहे. व्हेंटिलेटरवरचा माणूस दोन-दोन, तीन-तीन आठवडे तिथेच असतो. ती खाट एक तर तो सावरून वॉर्डात गेल्यावर सुटते, नाहीतर तो गेल्यावर. शहरात या महिन्यात, जून २०२० मध्ये, आयसीयूच्या ११०० हून अधिक खाटा आहेत, तरी त्यांचा फेरा हळू फिरतो. म्हणून तिथले ९९ टक्के साध्या वॉर्डातल्या ९९ टक्क्यांपेक्षा जड असतात. पण ताई, ऑक्सिजनची खाट वेळेवर मिळाली तर पुष्कळ पेशंट आयसीयूच्या दारापर्यंत जातच नाहीत. तुमची सगळी शक्ती त्या पायरीवर लावायची आहे.

आणि खाट म्हणजे नुसता लोखंडी पलंग नव्हे. बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलाच्या) मैदानावर मे महिन्यात सुमारे हजार खाटा उभ्या राहिल्या, त्याचं कौतुकच आहे. (निसर्ग वादळाच्या आदल्या दिवशी तिथले पेशंट हलवावे लागले, तेव्हा त्या मुलींची झालेली धावपळ मी फोनवर ऐकली आहे.) पण व्हेंटिलेटरच्या एका खाटेला एक नर्स लागते. पीपीई किट, म्हणजे संसर्गापासून वाचवणारा अंगभर पोशाख, घालून सहा तासांच्या वर काम होत नाही: पाणी पिता येत नाही, बाथरूमला जाता येत नाही, चष्म्यावर वाफ धरते. म्हणजे दिवसाला चार पाळ्या. दहा व्हेंटिलेटरना ४० नर्स, वर क्वारंटाइनमध्ये असलेल्या, आजारी पडलेल्या वेगळ्या. परवा एक मुलगी सांगत होती, दोन हातमोज्यांवरून शीर बोटाला लागतच नाही, एका आजोबांना तीनदा टोचावं लागलं आणि किटच्या आत ती रडत होती. राज्याने मे महिन्यात केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० नर्स मागितल्या, त्या याचसाठी. यंत्र पैसे दिले की येतं. आयसीयूची नर्स तयार व्हायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं आपण वेळेत दिली नाहीत याचा मला आजही संताप येतो. आमच्या वॉर्डात रिकाम्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नव्हत्या.

आता तुमचे प्रश्न. (खालचे नियम आणि दर जून २०२० चे आहेत.)

ओळखीने खाट: सांगून ठेवता येत नाही, आणि तसं कुणी पैसे घेऊन सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका. या महिन्यापासून पालिकेच्या २४ वॉर्डांत (म्हणजे शहराच्या विभागांत, रुग्णालयातले नव्हेत) प्रत्येकी एक वॉर रूम, म्हणजे खाटा ठरवून देणारा कक्ष, आहे. खाट तिथून किंवा पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवरून मिळते. तुमच्या वॉर्डाचा नंबर आजच मिळवा आणि भिंतीवर लिहून ठेवा, मोबाइलमध्ये नको. घाईच्या वेळी मोबाइल दुसऱ्याच्याच हातात असतो. खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटा सरकारने २१ मे २०२० च्या आदेशाने दर ठरवून ताब्यात घेतल्यात: साध्या वॉर्डाला दिवसाला ४००० रुपये, आयसीयूला ७५००, व्हेंटिलेटर असेल तर ९०००. पीपीई, काही औषधं, तपासण्या यांचं बिल वेगळं लागतं, ते आधीच विचारून घ्या. राज्याची मोफत उपचारांची महात्मा फुले योजना आता सगळ्यांना खुली केली आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा मदतनीस बसतो, त्याला रेशनकार्ड दाखवा. आणि स्वॅबचा दर १३ जून २०२० पासून २२०० रुपये झालाय, घरी येऊन घेतला तर २८००. कुणी जुने ४५०० मागितले तर देऊ नका.

खाट शोधत फिरायचं नाही, हे मी घरच्याच अनुभवावरून सांगते. मे च्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या मोठ्या दिरांना ताप येऊन सात दिवस झाले होते. ‘कणकण आहे’ एवढंच सांगायचे. दोन दिवस जिना चढताना मध्येच थांबत होते, ते वहिनींच्या लक्षात आलं, पण ‘नेतील आणि परत आणणार नाहीत’ या भीतीने दोघंही गप्प राहिले. मग रात्री साडेदहाला ओठ निळे पडले. पुतण्याने गाडी काढली. पहिल्या रुग्णालयात कोविडचा रिपोर्ट मागितला, दुसऱ्यात खाट नाही म्हणाले, तिसऱ्यात गाडीतून उतरूच दिलं नाही. चौथ्या ठिकाणी पहाटे साडेतीनला ऑक्सिजन लागला. तिथल्या रेसिडेंट डॉक्टर मुलाने आधी ऑक्सिजन लावला, केसपेपर नंतर काढला. दीर १९ दिवसांनी घरी आले. त्या तीन रुग्णालयांचा मला राग आहेच. पण मी स्वतः नर्स असून त्यांना फोनवर फक्त ‘ताप किती’ विचारत राहिले, ‘चार वाक्यं सलग बोलून दाखवा’ म्हणाले नाही (त्यावरून धाप कळली असती), ते जास्त लागून राहिलंय.

म्हणून सिलिंडरआधी ऑक्सिमीटर घ्या, म्हणजे बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्के दाखवणारं छोटं यंत्र. घरातलं लहान सिलिंडर साधारण दीड हजार लिटरचं असतं. मिनिटाला पाच लिटर लावला तर पाच तास, दहा लिटर लावला तर अडीच तास. रुग्णालयातला मोठा जम्बो सिलिंडर सात हजार लिटरचा, आणि नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत घेतं, म्हणजे जम्बोही दोन तास पुरत नाही. हे गणित ठाऊक असलं की कळेल, घरातलं सिलिंडर फार तर रुग्णवाहिका येईपर्यंतची वेळ काढतं. आणि गॅसची शेगडी, देव्हाऱ्यातली समई यांच्या शेजारी एका खोलीत ऑक्सिजन ठेवणं मला पटत नाही. वर असे हजार लोकांनी घरात भरून ठेवले तर वॉर्डाला कमी पडेल.

ऑक्सिमीटर कसा बघायचा ते नीट वाचा. सासूबाईंना पाच मिनिटं शांत बसवा. बोट गार असेल तर हातात घेऊन ऊब द्या. नेलपॉलिश, मेंदी नको. मधलं बोट, हात न हलवता, आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्या. सकाळ-संध्याकाळ वहीत तारीख घालून लिहा. त्यांचा नेहमीचा आकडा काय, हे आज, बऱ्या असताना, माहीत असणं फार कामाचं आहे. ताप किंवा खोकला सुरू झाला तर दिवसातून चारदा. बसल्या जागी ९४ च्या खाली दिसला, पुन्हा बघूनही तोच आला, तर वॉर रूमला फोन, आणि बरोबरीने रुग्णवाहिकेसाठी १०८ ला. छातीरोगाच्या पेशंटना आम्ही वॉर्डात सहा मिनिटं चालवून बघायचो. चाळीच्या गॅलरीत, तुम्ही शेजारून चालत, तेच करा. चालल्यावर आकडा तीनने किंवा जास्त पडला तर बसल्या जागी ९६ असला तरी थांबू नका. आधीच धाप असेल तर मात्र चालवायचं नाही. या आजारात माणूस बोलतो, चहा पितो आणि आतून ऑक्सिजन उतरलेला असतो. त्यांच्या ‘मला काही होत नाही’वर जाऊ नका.

बीपीची आणि साखरेची औषधं एकही दिवस बंद नाहीत. बीपीच्या गोळीने हा आजार वाढतो असं मार्चमध्ये फिरत होतं. त्यापायी गोळी सोडून अर्धांगाचा झटका आलेली एक बाई माझ्या ओळखीत आहे. काढा हवा तर द्या, पण काढा चालू आहे म्हणून ताप मोजायचा राहू नये.

दापोलीला नका पाठवू. शहरापासून लांब म्हणजे सुरक्षित असं तुम्हाला वाटतंय ते समजतं. पण निसर्ग वादळानंतर तिथे अजून किती गावांत वीज नाही, ते तुमच्या नातेवाइकांनीच सांगितलंय. इन्सुलिन ठेवणार कुठे? ओल्या माठावर किती दिवस काढणार? वर मुंबईहून आल्या म्हणून १४ दिवस शाळेत नाहीतर पडवीत वेगळं राहायचं, आणि रात्री धाप लागली तर भर पावसात कोकणचा रस्ता. इथे निदान १५ मिनिटांवर रुग्णालय आहे.

उलट धोका यजमानांकडून आहे, आणि काल, १५ जूनला, अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी लोकल सुरू झाल्यापासून तो वाढलाय. त्यांनी घरातही मास्क लावावा, सासूबाईंपासून लांब, गॅलरीच्या दाराशी झोपावं. पोटमाळ्यावर नको, तिथे हवा खेळत नाही. जेवण एकत्र बसून नको, कारण जेवताना मास्क निघतो. संडासला जाताना सगळ्यांनी मास्क, आपली बादली-टमरेल वेगळं, आणि सासूबाईंनी गर्दीची वेळ टाळून पहाटे जावं, आधीचं माणूस बाहेर पडल्यावर थोडं थांबून. कडीला हात लागला की साबण. यजमान पॉझिटिव्ह निघाले आणि अगदी ठणठणीत असले तरी एका खोलीत त्यांना वेगळं ठेवता येणार नाही, म्हणून त्यांनी कोविड केअर सेंटरला, म्हणजे लक्षणं नसलेल्यांना वेगळं ठेवण्याच्या जागी, जावं. ती जागा त्यांच्या उपचारापेक्षा सासूबाईंना वाचवण्यासाठी आहे, असं त्यांना सांगा, ते ऐकतील. चाळीत कुजबुज होईल, कुणी नळावर बाजूला सरकेल. होऊ दे. शेजारच्या एका घराला तरी आजच विश्वासात घ्या, दूध आणि औषधं दारात ठेवायला कुणीतरी लागेल.

आज रात्री एक पिशवी भरा. आधारकार्ड आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स, जुने रिपोर्ट, शेवटचा ईसीजी, गोळ्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा. एका कागदावर मोठ्या अक्षरात नाव, वय, आजार, इन्सुलिनचं नाव, सकाळचे आणि रात्रीचे युनिट, कशाची अॅलर्जी, आणि दोन फोन नंबर. दोन गाऊन, चप्पल, फोनचा चार्जर लांब वायरचा, कारण प्लग खाटेपासून दूर असतो. चष्मा आणि कवळीची डबी, दोन्हींवर नावाची चिकटपट्टी. आत नातेवाइकाला सोडत नाहीत, आणि किटमधल्या सगळ्या मुली म्हाताऱ्या माणसांना सारख्याच दिसतात. आमच्या मुली आता किटवर छातीशी स्केचपेनने नाव लिहितात. चष्मा असला तर सासूबाईंना ते वाचता येईल आणि नावाने हाक मारता येईल.

कागदावर इन्सुलिनचं लिहिलंत की मला तेच इथे लिहून कळवा, सोबत आजच्या ऑक्सिमीटरचा आकडा. मी रात्री अकरापर्यंत जागी असते.