थंडीतल्या जिवाणूंवर काम सुरू करणाऱ्या ताईंसाठी

ताई, जळगावच्या उन्हात राहून थंडी सोसणाऱ्या जिवाणूंवर प्रोजेक्ट घेतलात, फार बरं वाटलं. सुरुवातीला एवढंच धरा:

१. फ्रिजमध्ये जिवाणू मरतात, हे डोक्यातून काढा. बहुतेक नुसते मंदावतात. लिस्टेरिया मोनोसायटोजिनस हा अन्नातून आजार पसरवणारा जिवाणू तर ४ अंशांनाही वाढतो. थंडीत त्याच्या पेशीचं पटल, म्हणजे भोवतीचं पातळ आवरण, ताठर होऊ लागतं, मग तो त्यातली स्निग्धाम्लं (फॅटी अ‍ॅसिड) बदलून ते पुन्हा लवचिक करतो. हिवाळ्यात तूप थिजतं, शेंगदाण्याचं तेल पातळ राहतं, तसा हा फरक. हे नीट समजलं की पुढचं वाचन सोपं जातं.

२. पहिलं काम मोनोसायटोजिनसवर नको. गर्भवतींना त्याचा मोठा धोका असतो. लिस्टेरिया इनोक्युआ घ्या. जवळचा नातलग, निरुपद्रवी, थंडीतही वाढणारा.

३. घाई नको. ३७ अंशांवर जिवाणू वाढवायची सवय असलेले दुसऱ्याच दिवशी, काही उगवलं नाही म्हणून, कोरी प्लेट फेकून देतात. ७ अंशांवर १० दिवस थांबा.

आणि हो, फ्रिजच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवाच. लाइट गेली की तापमान चढतं आणि निकाल बिघडतो.

शीत-आघात प्रथिनं (अचानक थंडी बसली की जिवाणू बनवतो ती), जनुकं वगैरे नंतर. आधी वाढीचा एक आलेख स्वच्छ काढा. अडलं तर बिनधास्त विचारा.