इंदूरचा पिनकोड ४५२००१ ही मूळ संख्या आहे का?

नाही. शेवटी १ असल्यामुळे तसं वाटतं खरं. पण अंकांची बेरीज १२, म्हणजे ३ ने भाग जाणारच. आता एक सोडून एक अंक घ्या: ४+२+० = ६ आणि ५+०+१ = ६. फरक शून्य, म्हणून ११ नेही नि:शेष भाग जातो. उरतात १३६९७.

खरी मेहनत इथे आहे. १३६९७ चं वर्गमूळ ११७ च्या जरासं पुढे, त्यामुळे ११३ पर्यंतच्या ३० मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. मी राजवाड्याजवळच्या आमच्या जुन्या घरात बसून वहीवर केलं. एकीनेही भाग गेला नाही. म्हणजे ४५२००१ = ३ × ११ × १३६९७, विभाजक एकूण आठ.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. १३६९७ = ८९² + ७६². पण आख्खा पिनकोड दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही, जरी त्याला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते. कारण ३ आणि ११ हे अवयव एकेकदाच आलेत, आणि ४ ने भागल्यावर बाकी ३ देणारा मूळ अवयव सम वेळा यावा लागतो. मुलांना हे जरूर करून पाहायला सांगा, कॅल्क्युलेटरशिवाय.