अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात २०१२ साली समलिंगी विवाहाविरुद्धची घटनादुरुस्ती मतदानात पडली. हे पाच-सहा वर्षांच्या मुलांना कसं समजावायचं?

"आपण जिंकलो, आता त्या दोघी लग्न करू शकतात" असं मात्र सांगू नका. बहुतेक मोठी माणसं हेच सांगतात आणि ते साफ चूक आहे. ६ नोव्हेंबरला दुरुस्ती पडली, पण दुसऱ्या दिवशी कुणालाच लग्न करता आलं नाही. कायद्यात बंदी आधीपासून होतीच. ती मिनेसोटाच्या स्वतःच्या राज्यघटनेत घालायची का, एवढंच मतपत्रिकेवर विचारलं होतं. मुलांना सांगा: नियम पेन्सिलीने लिहिलेला होता, तो पक्क्या शाईने गिरवायचा का असं विचारलं आणि लोक नको म्हणाले. मे २०१३ मध्ये विधिमंडळाने तो खोडला, १ ऑगस्टपासून लग्नं लागायला लागली.

दुसरी अडचण 'नाही'ची. लहान मुलांच्या लेखी नाही म्हणजे कुणीतरी रागावलं. म्हणून मतपत्रिकेवरचा तो प्रश्न मोठ्याने वाचा आणि घरीच चिठ्ठ्या टाका: पाच 'हो', चार 'नाही', दोन कोऱ्या. कोण जिंकलं? मुलं 'हो' म्हणणार. मग सांगा, तिथे घटना बदलायला मतदानाला आलेल्या सगळ्यांपैकी निम्म्याहून जास्त 'हो' लागतात. अकरात सहा हवेत, पाचच आहेत, म्हणजे पडलं. कोरी चिठ्ठीसुद्धा 'नाही'तच जमा. (प्रत्यक्षात कोऱ्यांची गरजच पडली नाही, 'नाही' ५१ टक्क्यांवर गेलं.)

'हो' म्हणणारे ४७ टक्के होते, हे लपवू नका. "शेजारचे काकापण?" असं विचारतीलच. "असतील, मला ठाऊक नाही. पण 'हो' म्हणणारे चुकले असं मला वाटतं," एवढं सरळ बोला. "ज्याचं त्याचं मत" म्हणून अंग काढून घेऊ नका.

आणि "इतक्या लहान मुलांसमोर हा विषय कशाला" हे मी आपल्याच लोकांकडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय. मावशीच्या लग्नाचा अल्बम दाखवताना कुणी शयनगृहाचं बोलतं का? हार, अक्षता, जेवणावळ, मग दोघं एका घरात राहायला लागले. इथेही तेवढंच सांगायचंय. पंचाईत मुलांची होत नाही, सांगणाऱ्याची होते.

एक राहिलं. तुमच्याच घरात दोन आया किंवा दोन बाबा असतील तर आधी "मत काहीही पडलं असतं तरी आपण एकत्रच राहणार होतो" हे सांगा, बाकीचं नंतर. आणि त्या मुलांबरोबर चिठ्ठ्यांचा खेळ अजिबात नको. आपल्या आईबाबांवर मतं मोजायला त्यांना लावू नका.