चौकोन दिसतात की इंग्रजी अक्षरे? जुन्या संगणकावरच्या फॉन्टच्या तक्रारी

प्रश्न : संस्थेची २००४ पासूनची इतिवृत्ते वर्डमध्ये आहेत. संगणक फॉरमॅट केल्यापासून त्यांत नुसती इंग्रजी अक्षरे दिसतात. मजकूर गेला का? (कराड)

गेलेला नाही. मात्र तूर्त त्या फाइलींत काहीही बदलून सेव्ह करू नका आणि कुणाला पुन्हा टाइप करायला तर मुळीच बसवू नका. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे दाखवतात. कृतिदेव या अशाच जुन्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, मोठा बी, एच एवढाच असतो. फॉन्ट उडाला की तेच उघडे पडते.

मजकुरावर क्लिक करा आणि वर फॉन्टच्या चौकटीतले नाव वाचा. फॉन्ट संगणकावर नसला तरी वर्ड त्याचे नाव दाखवतो. नेमका तोच फॉन्ट टाका. श्रीलिपीच्या मजकुराला कृतिदेव लावला तर भलतीच अक्षरे उमटतील, कारण प्रत्येकाची मांडणी वेगळी.

मग फाइलींच्या प्रती काढून त्या कन्व्हर्टरने, म्हणजे मजकुराचे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) आणा. तपासताना पहिली वेलांटी आणि रफार यांवर नजर ठेवा. कृतिदेवमध्ये टाइपरायटरप्रमाणे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे नेमके उलटे. कन्व्हर्टर बहुतेकदा तिथेच घसरतात. सभासदांच्या यादीतले कुलकर्णी आणि शिर्के आधी पाहून घ्या!

प्रश्न : विंडोज एक्सपीवर मराठी मजकूर उघडला की कधी चौकोन दिसतात, कधी वेलांटी भलत्याच बाजूला. नवा फॉन्ट टाकू का? (लातूर)

ही दोन वेगळी दुखणी आहेत. चौकोन म्हणजे त्या अक्षरांचा फॉन्टच नाही. वेलांटी चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरे सुटी, म्हणजे फॉन्ट आहे, पण अक्षरे जुळवणारी यंत्रणा बंद आहे. तिथे दहा फॉन्ट टाकूनही फरक पडणार नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडा, ‘लँग्वेजेस’मध्ये ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या ओळीवर टिक करा. एक्सपीची सीडी मागितली जाईल. मंगल हा देवनागरीचा युनिकोड फॉन्टही त्याबरोबरच येतो. रीस्टार्ट केल्यावर दोन्ही तक्रारी मिटायला हव्यात. एक्सपीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणे, मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला, तेव्हा या यंत्रावर बँकेचे व्यवहार नकोत.

प्रश्न : विंडोज ७ वर कोणताही फॉन्ट टाकला की ‘ही वैध फॉन्ट फाइल नाही’ असा संदेश येतो. (पणजी)

कोणताही, म्हणजे दोष फाइलीत नसावा. फायरवॉलची, म्हणजे नेटवरून होणारी घुसखोरी रोखणारी, सेवा बंद केली आहे का? संबंध विचित्र वाटेल, पण ती बंद असली की विंडोज ७ चांगला फॉन्टही नाकारते. संगणक वेगवान व्हावा म्हणून दुकानदार ती बंद करून देतात, हे मला पटत नाही. ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘विंडोज फायरवॉल’ सुरू करा आणि फॉन्ट पुन्हा टाका. एखाद्याच फॉन्टला अडचण येत असती, तर तो झिपमधून बाहेर काढला आहे का हे आधी पाहायला सांगितले असते.

प्रश्न : मोबाइलवरून आलेला मराठी मजकूर पेजमेकर या पानांची मांडणी करणाऱ्या प्रोग्राममध्ये पेस्ट केला की प्रश्नचिन्हे उमटतात. (इचलकरंजी)

पेजमेकरला युनिकोड कळत नाही आणि आता कळणारही नाही, ७.० ही त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची. पत्रिका आजच छापायची असेल तर मजकूर कन्व्हर्टरने तुमच्या जुन्या फॉन्टमध्ये उलटा फिरवून घ्या. पुढच्या कामांसाठी स्क्राइबस या पान-मांडणीच्याच प्रोग्रामची १.६ आवृत्ती वापरून पाहा. ती मोफत आहे आणि जोडाक्षरे नीट जुळवते.