मॉरिशस: पहिल्या खेपेला कुठला किनारा?

मुंबईहून निघणारे बहुतेकजण आधी हॉटेलचे फोटो बघतात. तुम्ही आधी महिना बघा. जून ते सप्टेंबर आग्नेयेकडून जोरदार वारा असतो, तेव्हा पूर्वेचा बेल मार देखणा असूनही गारठवतो. आपल्या पावसाळ्यात जात असाल तर पश्चिमेचा फ्लिक-आँ-फ्लाक किंवा उत्तरेचा त्रू-ओ-बिश निवडा. ज्वालामुखीतून घडलेल्या या बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाचं कुंपण आहे. त्याच्या आत पाणी उथळ, शांत. पोहायला नवखे असाल तर तिथेच रमाल!

दक्षिणेला ग्री-ग्रीपाशी हे कुंपण तुटतं. काळे कडे, उसळत्या लाटा जरूर पाहा, पण पाण्यात उतरू नका.

नेहमीच्या चुका:
- रोज नवा किनारा गाठणं. दोन पुरेत.
- अनवाणी पाण्यात शिरणं. प्रवाळ कापतं, समुद्री साळिंदराचे काटे रुततात. पाण्यात घालायचे रबरी बूट मुंबईतूनच घ्या.