फंक्शनपाशी अडलं म्हणून पुण्याला जाऊ का?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या गावात राहते, बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लूपपर्यंत (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं) जमतं, फंक्शन आलं की गोंधळ होतो. बाबा म्हणतात, कापूस विकला की पुण्याला क्लास लावून देतो. जाऊ का?

उत्तर : एवढ्यासाठी तरी नको. पत्रासोबतच्या तुझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक फंक्शनच्या शेवटी प्रिंट आहे, रिटर्न कुठेच नाही. फंक्शन म्हणजे नाव देऊन ठेवलेला हिशोब, प्रिंट म्हणजे उत्तर स्क्रीनवर दाखवणं, रिटर्न म्हणजे ते परत देणं. गोंधळाचं मूळ तिथे आहे आणि ते घरबसल्या सुटतं.

कापसाचाच हिशोब घे. पहिल्या ओळीत डेफ, मग फंक्शनचं नाव, कंसात किलो, भाव (क्विंटलचा), हमाली आणि शेवटी कोलन. पुढची ओळ चार स्पेस आत : रिटर्न, किलो भागिले १००, गुणिले भाव, वजा हमाली. इथवर हिशोब झालेला नसतो, फंक्शन फक्त तयार असतं. आता खाली ते नाव लिहून कंसात १२५०, ७०००, ३०० दे आणि आलेलं उत्तर प्रिंट कर : ८७२००.०. नुसतं नाव लिहून कंस विसरलीस, तर फंक्शन चालतच नाही आणि एररही येत नाही.

मग मुद्दाम रिटर्नच्या जागी प्रिंट लिही आणि पहिल्या व दुसऱ्या वेच्याच्या रकमांची बेरीज करून बघ. दोन्ही आकडे स्क्रीनवर येतील आणि लगेच टाइपएरर, म्हणजे या प्रकारच्या गोष्टींवर ही क्रिया होत नाही अशी तक्रार. प्रिंट आकडा फक्त दाखवतं, पुढच्या हिशोबाला देत नाही. रिटर्न नसलेलं फंक्शन ‘नन’ (None, म्हणजे काहीच नाही) परत करतं, आणि दोन ननांची बेरीज होत नाही. हा एक प्रयोग नीट समजून केलास तर अर्धं काम झालं.

क्रमही सांभाळ. भाव आणि हमालीची अदलाबदल झाली तर उत्तर उणे ३२५० येतं, एरर नाही. म्हणून कॉल करताना, म्हणजे फंक्शन वापरताना, भाव=७०००, हमाली=३०० असं नावानिशी लिही. इनपुटने घेतलेला आकडा मजकूर असतो. तो आधी फ्लोटमध्ये (दशांश संख्येत) बदल, नाहीतर भागाकारालाच अडशील.

लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ हे पायथॉनचं अ‍ॅप चालतं, एकदा घेतलं की नेटशिवायही. गावात रेंज नसली तरी सराव थांबत नाही.

बाबांना म्हणावं, महिनाभर थांबा. तेवढ्यात अशी दहा फंक्शनं लिही : तुरीची रक्कम, वीजबिल, गुणांची टक्केवारी. प्रत्येकात रिटर्न हवंच, प्रिंट फक्त बाहेर. त्यानंतरही अडलीस तर तो प्रोग्राम आणि एररची शेवटची ओळ जशीच्या तशी पाठव.