‘नेफरटिटी’तली ‘टिटी’ कुठली?

प्रश्न: प्राचीन इजिप्तच्या राणीचं नाव ‘नेफरटिटी’ म्हणजे ‘सुंदर राणी’ असं वाचलं. मग प्राचीन इजिप्शियनमध्ये ‘टिटी’ म्हणजे राणी का?

नाही हो. टिटी म्हणजे काहीच नाही, कारण हे नाव तिथे तुटतच नाही! इंग्रजी ‘टी’ दिसला की डोळे मिटून ‘ट’ लिहायची आपली खोड. मूळ आहे नेफर्त + ईती. नेफर म्हणजे सुंदर, चांगला. शेवटचा त स्त्रीलिंगाचा, म्हणून नेफर्त म्हणजे सुंदरी. (मधले एकार अभ्यासकांनी सोयीसाठी घातलेले, लिपीत नुसती व्यंजनं.) राणीला तिथे ‘राजाची बायको’ म्हणत, आणि तो शब्द या नावात नाही.

खरी गंमत ‘ईती’त आहे. ई म्हणजे येणे. त्याला लागलेला -ती येण्याची क्रिया सांगून थांबत नाही, त्यानंतरची स्थिती सांगतो: आलेली आहे, म्हणजे आता इथे आहे. कर्ता स्त्री आहे हेही त्यातूनच कळतं, आपल्या ‘आली’सारखं. ‘सुंदरी आली आहे’ असं अख्खं वाक्यच नाव म्हणून ठेवलंय. (मराठी ‘ती’शी नातं जोडायला कोणीतरी टपलेलं असतंच. कृपा करून नको.) आणि हे ‘येणे’ लिहितात कसं? बोरूचं उभं पातं, त्याला खाली दोन चालते पाय!

‘आली’ म्हणजे परदेशातून आली, असं धरून पेट्रीसारख्या दिग्गज इजिप्त-अभ्यासकांनी तिला मितान्नी या सीरियाकडच्या राज्याची राजकन्या तादुखेपा ठरवलं. आपल्याकडे गौरी येतात, म्हणून त्या परप्रांतीय होतात का? शिवाय अमार्नात, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या राजधानीत, आय नावाच्या दरबाऱ्याच्या थडग्यात त्याची बायको तेय स्वतःला नेफर्तीतीची दाई म्हणवते. लग्न होऊन आलेल्या राजकन्येला इजिप्तमध्ये दूध पाजणारी दाई कशाला लागेल?

माझ्या मते ही ‘येणारी’ म्हणजे हाथोर देवी. ती रुसून दूर दक्षिणेला नुबियाकडे जाते, देव तिची मनधरणी करून तिला परत आणतात आणि मग वाद्यं, नाच, मद्य. मुलगी जन्मली तेव्हा देवीचं हे परतणंच तिच्या नावात आलं असणार. ही कथा सविस्तर मिळते ती फार उशिराच्या, टॉलेमी-रोमन काळातल्या, म्हणजे नेफर्तीतीनंतर हजारहून अधिक वर्षांनीच्या लेखांत, असा आक्षेप घेतात. घेऊ देत. तेवढ्यावरून ती आधी कोणाला ठाऊकच नव्हती, हे कसं ठरतं?